लिस्बनच्या दोन दिवसांसाठी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

लिस्बनला तुला शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस मोकळे मिळणार, म्हणून मुद्द्याचं तेवढंच लिहिते. तिथे कुठल्याही इमारतीसमोर उभी राहिलीस की आधी एकच विचार: ही १७५५ च्या आधीची की नंतरची? एवढं कळलं की निम्मं शहर आपोआप उलगडतं.

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि त्यातच भूकंप झाला. लोक जीव घेऊन नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे पळाले, तर तिथे त्सुनामीच्या लाटा आल्या. मेणबत्त्या आणि चुलींमुळे लागलेली आग पुढे पाचेक दिवस धुमसत होती.

शनिवारची सुरुवात नदीवरच्या प्रासा दो कोमेर्सिओ या मोठ्या चौकातून कर. तिथले लोक अजून त्याला तेरेइरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचं पटांगण, म्हणतात. राजवाडा त्या दिवशी गेला, नाव तेवढं उरलं. मध्ये घोड्यावर बसलेला राजा जोसे पहिला याचा १७७५ चा पुतळा आहे. कमानीखालून आत गेलीस की बायशा, म्हणजे शहराचा सखल मध्यभाग, लागतो. इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, कारण मंत्री पोंबाल याने हा सगळा भाग नव्याने बांधून घेतला. घरं बाहेरून साधी दिसतात, म्हणून लोक दुकानं बघत पुढे निघून जातात. तू मात्र थांब. या घरांच्या भिंतींच्या पोटात लाकडी सांगाडा आहे. उभे वासे, आडवे वासे आणि मध्ये फुलीसारखे तिरके वासे, अशी त्याची रचना, आणि मधल्या जागेत दगड-चुना भरलेला. त्याचं नाव गायोला, म्हणजे पिंजरा. जमीन हलली तर भराव पडेल, पण लाकूड लवेल आणि घर उभं राहील, असा विचार त्यामागे होता. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून अख्खी वस्ती बांधण्याचा युरोपातला हा फार सुरुवातीचा प्रयत्न, म्हणून मला तो कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

तिथून वर कार्मो. सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसाठी रांग लावू नकोस, तासभर सहज जातो. ती १९०२ ची लिफ्ट खालून बघ, आणि वर जायला बायशा-शियादो मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापर. खालच्या रुआ दो क्रुसिफिशोच्या दाराने शिर आणि शियादोच्या दाराने बाहेर पड, निम्मा चढ वाचतो. कार्मोचा मठ १३८९ चा. भूकंपात चर्चचं छप्पर कोसळलं आणि ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी नुसत्या आभाळाखाली उभ्या आहेत, खाली गवत आहे. १७५५ डोळ्यांनी बघायचं असेल तर ते इथेच. रविवारी हे बंद असतं, म्हणून शनिवारीच जा.

दुपारनंतर अल्फामा, म्हणजे टेकडीवरची जुनी वस्ती. २८ नंबरच्या ट्रामचं सगळे कौतुक करतात, पण भर दिवसा ती इतकी खच्चून भरते की बाहेरचं काही दिसत नाही, आणि खिसेकापू त्याच गर्दीची वाट बघत असतात. चालतच जा. वाटेत से, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, लागेल. ११४७ मध्ये शहर मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, घेतल्यावर लगेच त्याचं काम सुरू झालं. वरचा साओ जॉर्जेचा किल्ला वेळ उरला तरच बघ. तिथल्या तटाचं आजचं रूप बरंचसं १९३८-४० च्या डागडुजीतलं आहे.

सांता लुझियाच्या सज्जावर मात्र नक्की जा. सगळे तिथे नदीकडे तोंड करून फोटो काढतात. तू मागे वळून चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे बघ. तिथे निळ्या-पांढऱ्या फरशांवर सकाळी पाहिलेला तोच चौक चितारलेला आहे, पण भूकंपाच्या आधीचा, राजवाड्यासकट.

तिथून दहा मिनिटांवर साओ व्हिसेंते दे फोरा. ब्रागांसा घराण्याच्या राजांची दफनं तिथे आहेत आणि त्यांत कातारिनाही आहे. १६६१ च्या तहानुसार हिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली गेली. नवरा गेल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये तिथेच वारली. मुंबईच्या मुलीने तिथे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

रविवार बेलेम या नदीकाठच्या भागासाठी ठेव. सोमवारवर ढकलू नकोस, जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद असतो. प्रासा दा फिगेइरापासून १५ नंबरची ट्राम जाते. मठाच्या दाराशी दोन वेगळ्या रांगा असतात, एक चर्चची आणि एक आतल्या चौकाची. तिकीट लागतं ते चौकाला. ते आधीच ऑनलाइन काढ, नाहीतर चुकीच्या रांगेत सकाळ जाते. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा फिरता येत नाही. म्हणून आधी चौक, चर्च दुपारी.

हा मठ मनुएल राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या सुमारे ५ टक्के करातून. चौकातल्या कमानींवर दोरखंड, गाठी, वेली दगडात कोरल्या आहेत. ते लांबून बघू नकोस, खांबाजवळ जा. एकेका दोराचा पीळ मोजता येतो. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाची कबर आहे, उजवीकडे कवी कामोंइश याची. गामा वारला १५२४ मध्ये कोचीला. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेले आणि या चर्चमध्ये ते १८८० मध्ये आणले. लोक तिथूनच मागे फिरतात. तू पार वेदीपर्यंत जा. राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. हिंदुस्थानावर किती भिस्त होती हे तिथे कळतं.

बेलेमचा बुरूज १५१४ ते १५१९ या काळातला. मठ आणि बुरूज दोन्ही भूकंपातून वाचले. आतला जिना एकच आणि अरुंद, त्यामुळे माणसं टप्प्याटप्प्याने सोडतात. शिवाय दुरुस्तीसाठी बुरूज बंद असू शकतो, आधी बघून घे. आत नाही गेलीस तरी चालेल. बाहेरून एका छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं मात्र शोध. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने राजाकडे पाठवला, तो मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. तिथे त्याला ‘गांदा’ म्हणत, म्हणजे आपला गेंडाच.

शेजारचं दर्यावर्दींचं स्मारक १९६० चं, काँक्रीटचं. हुकूमशाहीच्या काळात साम्राज्याचा डौल दाखवायला बांधलेलं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. हे डोक्यात ठेवून बघ.

बूट रबरी, खाचा असलेल्या तळाचे ने. पदपथावरचे चुनखडीचे बारीक दगड झिजून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की उतारावर पाय सरकतोच. ट्राम-मेट्रोचं कार्ड स्टेशनच्या यंत्रावरून घे, अर्ध्या युरोला मिळतं. एका कार्डावर दोघींना जाता येत नाही, मैत्रिणीला तिचं वेगळं घ्यायला सांग. आणि भाषेला बिचकू नकोस. चावीला तिथे ‘शाव्ह’ म्हणतात, बटाट्याला ‘बताता’, पावाला ‘पाँव’. हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेत.

पोचलीस की फोन कर.

तुझी,
आई