यात्रा उतरते त्या रात्रीबद्दल : कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर

सविनय नमस्कार.

जोतिबाची चैत्र यात्रा जवळ आली की प्रशासनाच्या बैठका सुरू होतात. पाणी, शौचालयं, दर्शनरांग, सासनकाठ्यांचा (गावोगावच्या मानाच्या उंच काठ्यांचा) क्रम, पार्किंग. या कामाला खूप माणसं राबतात आणि ते दिसतं, हे आधी मनापासून सांगतो. भर उन्हात चालत आलेल्या माणसाला डोंगराच्या वाटेवर गायमुखाजवळ घास मिळतो, पाणी मिळतं. मला बोलायचंय ते त्यापुढच्या वेळेबद्दल. संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाई देवीच्या भेटीला जाते आणि मग डोंगर रिकामा होऊ लागतो, त्या चार-पाच तासांबद्दल.

लोक डोंगरावर येतात ते दोन-तीन दिवसांत, टप्प्याटप्प्यानं. उतरायला मात्र सगळे एकदमच निघतात, तेही अंधारात, दिवसभराचा शीण अंगावर घेऊन. बंदोबस्ताचा सगळा जोर चढणीवर असतो. उतरणीला ज्यानं त्यानं आपलं बघायचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही भावकीतली बावीस माणसं मालवाहू टेम्पोतून गेलो होतो. येताना लहान पोरं केबिनच्या पाठीला टेकून बसलेली, बाया हौद्यात खाली, आम्ही चौघं फाळक्याजवळ उभे. गाडी माझा चुलतभाऊ चालवत होता. पहाटे तीनला उठलेला, दिवसभर काठी नाचवून खांद्यावर वळ उमटलेले. घाटातल्या दुसऱ्या वळणावर गाडी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. ब्रेक नाही, हॉर्न नाही. त्याचा डोळा लागला होता. पुढचं चाक गटारीत अडकलं म्हणून आम्ही थांबलो. हौद्यातली सगळी माणसं एका अंगाला कोसळली आणि त्यांच्याखाली माझी अकरा वर्षांची पुतणी सापडली. तिचं तोंड, मान, फ्रॉक, सगळं गुलालानं माखलेलं. मोबाईलच्या उजेडात रक्त कुठलं आणि गुलाल कुठला हेच कळेना. बाटलीतलं पाणी ओतून तोंड धुतलं तेव्हा कपाळावरची खोक दिसली. कॉलरबोन मोडल्याचं दवाखान्यात समजलं. पोरगी वाचली.

चूक आमचीच होती. मालवाहू गाडीत माणसं भरणं कायद्यात बसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही गेलो, आणि आमच्या पुढंमागं तशाच गाड्यांची रांग होती. काठीसाठी गाडी लागतेच, गाव एकत्र जातं, परतीची एसटी कधी मिळेल याचा भरवसा नसतो, आणि टेम्पोचं भाडं वाटून घेतलं की परवडतं. म्हणून नुसती बंदी घालून भागणार नाही. केर्लीकडं आणि गिरोलीकडं उतरणाऱ्या दोन्ही रस्त्यांवर रात्री तपासणी हवी, पण त्याच जागी मोकळ्या बस उभ्या पाहिजेत. पोलिसांनी हौद्यातली माणसं उतरवायची आणि लगेच बसमध्ये बसवायची. बायाबापड्यांना पोरांसकट अंधारात रस्त्यावर उतरवून गाडी जप्त केली, तर पुढच्या वर्षी लोक आडवाटेनं येतील.

दुसरी गोष्ट गाडी चालवणाऱ्यांची. पार्किंगला आपण मैदानं देता. त्याच मैदानाच्या कडेला एक मंडप, खाली सतरंज्या, प्यायला पाणी आणि कर्णा लागणार नाही एवढी शांतता द्या. ज्याला रात्री गाडी हाकायची आहे त्यानं दुपारी तीन तास झोपावं, हे गावच्या पंचांनी आणि काठीच्या मानकऱ्यांनी सांगितलं तर पोरं ऐकतात. आमच्याकडं ते कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागं रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा आपल्या जिल्ह्यात होतात. यात्रेला येणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांनाही डोंगरावर चढतानाच ती पट्टी चिकटवावी.

केर्लीकडं उतरलं की लागणारा रत्नागिरीचा रस्ता पुढं कोल्हापुरात शिरताना पंचगंगेवर येतो. 26 जानेवारी 2018 च्या रात्री गणपतीपुळ्याहून देवदर्शन करून परतणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि 13 माणसं गेली. तीही परतीचीच वाट होती आणि तीही रात्रच होती. आता शेजारी नवा पूल झालाय, पण पेंगुळलेल्या चालकाला कुठलाच पूल पुरा पडत नाही.

देवळाजवळच्या पायऱ्यांचंही सांगायला हवं. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, मागून रेटा आला आणि जवळपास तीनशे जीव गेले. अशा गर्दीत माणूस तुडवला जाऊनच मरतो असं नाही. छाती दाबली गेल्यानं उभ्या उभ्याही श्वास कोंडतो. जोतिबावर गुलाल, खोबरं, तेल आणि पाणी एकाच फरशीवर पडतं. यात्रेच्या दिवशी दर दोन तासांनी त्या पायऱ्या धुऊन कोरड्या करणारी माणसं नेमावीत. कर्ण्यावरून सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही द्याव्यात, कारण बेळगाव-निपाणीकडून येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना घाईतली मराठी समजत नाही. आणि उंच काठ्या ज्या वाटेनं जातात तिथल्या विजेच्या तारांची पाहणी यात्रेच्या आधीच, काठीची उंची धरून व्हावी.

यंदाच्या नियोजनाच्या बैठकीत 'परतीचा प्रवास' हा वेगळा विषय घ्या, एवढी विनंती आहे. त्या बैठकीला खातेप्रमुखांच्या बरोबरीनं गावोगावच्या काठीवाल्यांना आणि गाड्या चालवणाऱ्या पोरांनाही बोलवा. माझा चुलतभाऊ यायला तयार आहे. त्या रात्रीपासून त्यानं यात्रेला गाडी काढलेली नाही, पण त्या वळणावर नक्की काय झालं ते तो आपल्यासमोर उभा राहून सांगेल.

आपला,
जोतिबाचा एक भक्त
शुक्रवार पेठ, कोल्हापूर