नेमबाजीही घरात रंगते

‘ऑलिम्पिक आणि घरातला दिवाणखाना’ हा लेख आवडला. मात्र नेमबाजी टीव्हीवर कंटाळवाणी असते, हे मत पटले नाही. गुणांची पद्धत कळली की घरातले सगळेच आकडेमोड करू लागतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्सच्या (रायफलने तीन पवित्र्यांतून नेमबाजी) अंतिम फेरीत आठ नेमबाजांनी गुडघ्यावर १५, झोपून १५ आणि उभ्याने १० गोळ्या झाडल्या. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. चाळिसाव्या गोळीनंतर सर्वांत कमी गुणांचे दोघे बाद झाले, पुढे प्रत्येक गोळीला एक बाद. उभ्याने बंदूक सर्वाधिक हलते, म्हणून क्रम तिथेच उलथतो. तिथे १ ऑगस्ट रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने मागून येत ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकले ते याच टप्प्यात! समालोचकांनी हे नियम सुरुवातीलाच मराठीतून सांगावेत.

— एक वाचक, कोल्हापूर