मुदतीच्या नोकरीत इतिहास कसा लिहावा?

जर्मनीतील संशोधनाच्या संधींवरील रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. शिष्यवृत्तीची माहिती उपयुक्त आहे; पण तिथल्या मुदतीच्या नोकऱ्यांना ‘लवचिक’ म्हणून वाखाणणे पटले नाही. २००७च्या कायद्याने विद्यापीठातल्या अशा नेमणुकांवर सर्वसाधारणपणे पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षांची मर्यादा घातली आहे. पुढे प्राध्यापकपद मिळाले नाही, तर ऐन उमेदीतला माणूस बाहेर पडतो.

सतराव्या शतकाच्या राजकीय इतिहासाच्या संशोधनात हे फारच जाचक ठरते. युरोपातले तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या १६४८च्या तहासाठी जमलेल्या वकिलांची, म्हणजे राजदूतांची, पत्रे लॅटिन, फ्रेंच, इटालियन, जर्मन अशा अनेक भाषांत आहेत आणि काही मजकूर चक्क सांकेतिक अंकांत. नुसते अक्षर लागायलाच वर्षे जातात. मोडीच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. ही कागदपत्रे संपादित करण्याचे काम बॉनमध्ये १९५७ साली सुरू झाले, पहिला खंड १९६२मध्ये आला आणि आज खंडांची संख्या चाळिशीपार आहे. असले काम दोन-तीन वर्षांच्या करारांवर तरत नाही. त्यासाठी कायम पदेच हवीत आणि तिकडे निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही बाजूही कळायला हवी.

– इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक, सातारा