वेतन कपातीविरुद्ध दावा: कागद लवकर आणा

सर्व सेवानिवृत्त सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

निवृत्तीच्या वेळी 'जादा वेतन दिले गेले' असे सांगून ज्यांच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) रक्कम वळती केली, त्यांनी येत्या रविवारी सकाळी ११ वाजता साताऱ्यात नेहमीच्या जागी यावे. वकीलसाहेब येणार आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की गट क आणि ड मधील कर्मचारी, तसेच निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करता येत नाही. चूक कार्यालयाची आणि भुर्दंड म्हाताऱ्या माणसाला, हे कुठल्या न्यायात बसते?

मात्र वेतननिश्चितीवेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिले असेल, तर ते लपवू नका. असे हमीपत्र असेल तर वसुली करता येते, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन समोरची बाजू तेच पुढे करते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचा अर्ज महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या ('मॅट'च्या) मुंबई पीठापुढे जाईल. जिल्हा परिषदेच्या मंडळींना उच्च न्यायालयात जावे लागेल. तेही आता कोल्हापूरला, कारण ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू आहे. मुंबईचा हेलपाटा वाचला, ही केवढी सोय!

न्यायाधिकरणाची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. कार्यालयाला दिलेल्या निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्यापुढे एक वर्ष. म्हणून निवेदनाची पोच जपा.

वसुली आदेश, सेवापुस्तकाची प्रत, पेन्शन आदेश सोबत आणा. चालता न येणाऱ्यांनी मुलाला पाठवले तरी चालेल. दिवंगत सभासदांच्या पत्नींनाही कुणीतरी आवर्जून कळवा.

— सचिव