सोलोमन नदीकाठचं निकोडिमस

ती. अण्णाकाका यांस,
सा. न. वि. वि.

अमेरिकेतलं खेडं कसं असतं, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. एकाच गावाचं लिहितो, कारण त्यात शेती, कर्ज, रेल्वे सगळंच आलं.

केन्सस राज्याच्या वायव्य भागात ग्रॅहम काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), सोलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ निकोडिमस आहे. 2020 च्या जनगणनेत माणसं 14. पोस्ट 1953 सालीच बंद झालं. तरी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात काळ्या लोकांनी वसवलेल्या गावांपैकी टिकलेलं हे एकमेव, आणि 1996 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ.

गुलामगिरी 1865 साली गेली, पण केंटकीत जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. सुटलेली माणसं त्यांच्याच शेतात अर्धेलीने राबायची. 1877 साली डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा काळा धर्मोपदेशक यांनी निकोडिमस टाउन कंपनी काढली. केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये पत्रकं वाटली गेली: पाच डॉलरमध्ये केन्ससला चला. वसाहतीची वर्गणी एक डॉलर, तीही पंचवीस सेंटच्या हप्त्यांनी चालेल.

सरकारी कायदा असा होता की 160 एकर जमिनीवर नाव लावायचं, पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन वहितीखाली आणायची, की ती आपली. सगळी फी मिळून साधारण 18 डॉलर. म्हणजे जमीन जवळजवळ फुकट, पण ती कसायला लागणारं सगळं विकत: नांगर, बैल, बियाणं आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं धान्य. पत्रकवाल्यांनी हा हिशोब लोकांपुढे मांडला नाही. माझ्या मते खरी फसवणूक तिथेच झाली.

सुमारे 300 जणांचा मोठा जथा पोचला सप्टेंबरात. पेरणीचा हंगाम केव्हाच संपलेला. सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन एलिस, तेही 35 मैलांवर. लाकूड म्हणाल तर नदीकाठची कॉटनवुडची आणि विलोची झाडं, बाकी नुसतं गवत. ते पाहून बरीच कुटुंबं आल्या पावली परतली. उरलेल्यांनी जमिनीत घरं खणली.

उतारावर आडवं खणत आत जायचं, म्हणजे तीन भिंती आयत्या मातीच्या मिळतात. पुढच्या बाजूला गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या ढेकळांची भिंत, ढेकूळ रचताना गवत खालच्या बाजूला. वर कॉटनवुडचा आढा, त्यावर विलोच्या फांद्या, गवत आणि शेवटी मातीचा थर. हिवाळ्यात हे घर उबदार. पण पावसात छत पाणी पितं आणि बाहेरचा पाऊस थांबला तरी आत टपटप चालूच राहते. ओल्या मातीच्या वजनाने आढा मोडायची भीती वेगळी. वरून माती आणि कधी सापही पडतो, म्हणून ज्याला परवडे तो छताखाली कापड ताणून बांधायचा. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी लिहून ठेवलंय की गाव कुठे आहे ते त्यांना दिसेचना. जमिनीतून धूर निघताना दाखवला तेव्हा कळलं. रडूच आलं त्यांना.

जळणाला सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि बायसनचं (अमेरिकेतल्या रानगव्यांचं) वाळलेलं शेण. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिलं म्हणून लोक जगले, असं सांगतात. सगळ्या वस्तीत मिळून घोडे तीन. त्यामुळे गवताळ माळ बऱ्याच जणांनी फावड्या-कुदळीने फोडला. त्या गवताच्या मुळ्यांची जाळी इतकी घट्ट असते की फावड्याने दिवसभरात फारसं काही होत नाही. पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर लांब जायचे, तेव्हा घर आणि रान बायकाच सांभाळायच्या. जेनी फ्लेचर यांनी पहिली शाळा जमिनीतल्या घरातच भरवली. गावातल्या एडवर्ड मॅकेब यांना तर 1882 साली अख्ख्या राज्याने हिशेबतपासनीस म्हणून निवडून दिलं.

1880 नंतर गाव चांगलंच उभं राहिलं. हॉटेल, दुकानं, चर्च आणि एवढ्याशा गावात दोन-दोन वर्तमानपत्रं. मग रेल्वेची आशा लागली. 1887 साली लोकांनी मिसुरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले, पण गाडी आलीच नाही. दुसऱ्या वर्षी युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीने नदीच्या पलीकडून रूळ टाकले. सहा मैलांवर बोग हे गाव उठलं आणि निकोडिमसचे व्यापारी बाडबिस्तरा उचलून तिकडे गेले. तुम्ही म्हणाल, सहा मैल ते काय! पण गहू बैलगाडीने न्यायचा तर जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि जिथे धान्य विकायचं तिथेच माणूस मीठ-कापड घेतो. मोठा दुष्काळ पुढे 1930 च्या दशकात आला. त्याच्या आधीच बाजारपेठ गेली होती.

शेतकरी मात्र हलले नाहीत, कारण जमीन त्यांच्या नावावर होती. गाव टिकलं ते त्यामुळे. आज टाउनशिप हॉल, दोन चर्च, शाळा आणि जुनं हॉटेल अशा पाच इमारती जपल्यात. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मुक्तिदिनाचा सोहळा होतो. आपल्याकडे यात्रेला चाकरमानी गावी येतात, तशी पांगलेली घराणी त्याला देशभरातून येतात.

आता तुमच्या आवडीचा विषय. पाऊस वर्षाला साधारण 550 मिलिमीटर, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याच्या जवळपासच. म्हणून रान दरसाल पेरत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात गहू पेरतात आणि जून-जुलैत काढतात. दुसऱ्या वर्षी मे-जूनमध्ये ज्वारी, मग ओल साठायला रान पड. जुनं धसकट तसंच ठेवतात, त्यात बर्फ अडकतं आणि वाऱ्याने माती उडत नाही. जूनमधली गारपीट उभा गहू झोपवते, त्यावर मात्र इलाज नाही. ज्वारी तांबडी, बुटकी, यंत्राने कापण्याजोगी. ती जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते. तेव्हा काकूंना सांगा, इथे ज्वारीची शेतं मैलोगणती, पण हुरडा कुणाला माहीतच नाही.

इकडे यायचं ठरवलंत तर जुलैअखेर या. जवळच्या हिल सिटी गावात पेट्रोल भरून घेऊ, पाणी आणि डबा घरूनच नेऊ. ऊन सोलापूरसारखंच असतं, टोपी आणा.

सौ. काकूंना सा. न., लहानांना आशीर्वाद.

आपला,
पुतण्या