आधी सह्या, मग इसार

हर्णे, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं नि बाबांचं बिनसलं, ते अजून मनातून जात नाही. येत्या शनिवारी त्यांचा सत्कार आहे. शाळेच्या पटांगणात मांडव घालायचं ठरलंय. कोळीवाड्यातली मंडळी येणार, आंजर्ल्याचे वाडीवाले येणार, मुंबईची जुनी गिऱ्हाइकंसुद्धा. जमिनीच्या दलालाचा गावाने सत्कार करायचा, हे मी तरी पहिल्यांदाच बघतेय.

ऑफिस तू चालवणार म्हणालास, मला आनंद झाला. खरंच झाला. फक्त ती कर्द्याची जागा. सातबाऱ्यावर 11 नावं, सगळं सामाईक, आणि तू चौघांच्या सह्यांवर इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेणार म्हणतोस. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तू तिसरी-चौथीत असशील. केळशीच्या एका वाडीचा व्यवहार होता. भाऊ म्हणाले, बहीण लग्न होऊन गेली, तिला कशाला विचारायचं? बाबा लालबागला तिच्या खोलीवर गेले. सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद, तो फेरफार वाचून दाखवला, हक्कसोडपत्रावर सही केली की काय जातं ते समजावलं. तिने सही केली नाही. व्यवहार मोडला, दलाली बुडाली, नि त्याच महिन्यात ताईची फी भरायची होती. पुढे भावांनी तिला हिस्सा दिला आणि खरेदीखत करायला बाबांकडेच आले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क केंद्राच्या कायद्याने 2005 साली दिला. बाबा त्याच्या आधीपासून बहिणींची नावं विचारत आलेत.

आणि गिऱ्हाइकाला जागा दाखवायची ती उधाणाच्या दिवशी. 1991 साली सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावरचे निर्बंध आले, तेव्हा भरतीरेषेपासून 500 मीटरचा नियम इथे कोणाला ठाऊक होता? बाबा चपला हातात घेऊन पुळणीवरून चालायचे, समुद्राने टाकलेल्या काटक्या-शेवाळाच्या ओळीशी थांबायचे नि म्हणायचे, "पाणी इथवर येतं, इथून मोजा." कितीतरी जण तिथूनच परत गेले. कागदावर रेषा कुठे आहे ते नंतर बघायचे, आधी ही.

निसर्ग वादळ झालं, 3 जून 2020, तेव्हा तू मुंबईत अडकला होतास. माड-पोफळी आडव्या, घरांवर कौल नाही. आठवड्याभरात स्वस्तात वाड्या मागणारे फोन सुरू झाले. बाबांनी एकालाही जागा दाखवली नाही. "पडलेल्या बागेचा भाव मी करणार नाही," एवढंच म्हणाले नि शेजारच्या काकींच्या छपरावर ताडपत्री घालायला गेले. गुडघा तेव्हापासूनच दुखतोय, तुला सांगू देत नाहीत.

तर सांगायचं ते असं की शेतजमीन असेल तर घेणाऱ्याचा शेतकरी दाखला आधी बघावा, जुन्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट 30 वर्षांचा घ्यावा, दुसऱ्याच्या वतीने सही करायचं कुलमुखत्यारपत्र दाखवणारा आला तर ते देणारा माणूस हयात आहे का ते घरी जाऊन बघावं, आणि 11 नावं असतील तर 11 सह्या... बघ, परत तेच. तू शिकलेला आहेस, तुला कायदा माझ्याहून जास्त कळतो. रागावू नकोस. तुझ्या वेबसाइटवरचे फोटो मी शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवले, सुवर्णदुर्गाचा तर किती सुंदर आलाय. पण इथे बाजारात गेलं की लोक मला थांबवून बाबांची चौकशी करतात. तुझीही कधी अशीच चौकशी व्हावी असं वाटतं, म्हणून जीव घाबरतो.

बाबा ऑफिसची कपाटं आवरतायत. साखर वाढलीय, दुपारी झोपत नाहीत. तुझ्याशी बोलायचंय त्यांना, आपणहून फोन करणार नाहीत.

शुक्रवारच्या मांडवी एक्सप्रेसने ये, खेडला उतर, पुढची एसटी मिळते. ताईचा डबा आणायला विसरू नकोस. इसाराचं तेवढं शनिवारपर्यंत थांबव. कर्द्याच्या त्या उरलेल्या सातांपैकी दोघं सत्काराला येतायत, बाबा तुझी गाठ घालून देतो म्हणाले.

तुझी,
आई