उमेद आहे, पैसेही वेळेवर हवेत

महोदय,

लालबागमध्ये आमचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. मार्च ते मे हा आमचा वर्षाचा हंगाम. २०२० मध्ये नेमकी तेव्हाच टाळेबंदी आली आणि बेडगी, संकेश्वरी मिरचीची पोती पडून राहिली. तग धरला तो नेहमीच्या गिऱ्हाइकांमुळे. 'आमचा मसाला करून ठेवा, येता आलं की नेतो,' असे फोन येत. आईच्या हातचं प्रमाण सांगून कुणी मालवणी मसाला करून घेतं आणि पुढच्या वर्षी लेकीला घेऊन येतं, तेव्हा हा धंदा का करायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण नुसत्या उमेदीवर कामगारांचा पगार होत नाही. मोठे खरेदीदार पैसे महिनोन् महिने थकवतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही. त्यासाठी लागणारी 'उद्यम' नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारदरबारी होणारी नोंद, विनाशुल्क आहे, तरी आमच्यासारख्या अनेकांना हे ठाऊकच नसतं. व्यापारी संघटनांनी ही माहिती गल्लोगल्ली, मराठीतून पोहोचवावी.

– एक मसाला व्यावसायिक, लालबाग, मुंबई